एका येशूसंघीय ग्रंथकाराचा अनुत्तरित प्रश्न

एखाद्या जुन्या ग्रंथाचे मोल ठरविताना त्यातील किती विधाने पुढे खरी ठरली, याची मोजदाद करण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत सोपी असली तरी न्याय्य नाही. लेखकाला ज्याचे उत्तर सापडले नाही ते त्याने वाचकापुढे कसे मांडले, अडचण झाकली की उघडी ठेवली, हेही पाहावयास हवे. या दुसऱ्या निकषावर विलक्षण तेजाने उतरणारा एक ग्रंथ चारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका येशूसंघीय धर्मगुरूने लिहिला. त्याचे परीक्षण येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

फादर होसे दे आकोस्ता यांचा 'इंडीजचा नैसर्गिक आणि नैतिक इतिहास' हा स्पॅनिश ग्रंथ १५९० साली सेव्हिल येथे प्रसिद्ध झाला. नावातील 'इंडीज' म्हणजे आपला हिंदुस्थान नव्हे; कोलंबसाच्या भ्रमातून अमेरिका खंडाला चिकटलेले ते नाव आहे. 'नैतिक' या शब्दाचा अर्थही तेथे व्यापक आहे. माणसांच्या चालीरीती, राज्यव्यवस्था आणि धर्मविधी यांचा वृत्तांत, असा तो अर्थ. ग्रंथाचे एकंदर सात भाग असून पहिले चार निसर्गाला आणि शेवटचे तीन मानवाला वाहिलेले आहेत. १६०४ साली तो इंग्रजीत आला आणि २००२ साली त्याचे नवे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकातील थोर निसर्गवेत्ता हुम्बोल्ट याने भौतिक भूगोलाच्या पायाभरणीचे श्रेय ज्या थोड्या ग्रंथकारांना दिले, त्यांत आकोस्ता यांची गणना होते.

आकोस्ता यांचा जन्म १५४० साली स्पेनमधील मेदिना देल काम्पो येथे झाला. बालवयातच ते येशूसंघात दाखल झाले. १५७२ साली ते पेरू देशातील लिमा येथे पोहोचले, पुढे तेथील येशूसंघाचे प्रांताधिकारी झाले आणि १५८२-८३ मध्ये भरलेल्या लिमाच्या तिसऱ्या धर्मपरिषदेचे एक प्रमुख सूत्रधार ठरले. त्या परिषदेनंतर १५८४ साली स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा या तीन भाषांत छापलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक हे पेरूमधील पहिले मुद्रित पुस्तक होय. त्याच्या सिद्धतेतही त्यांचा मोठा वाटा होता. १५८६ साली ते मेक्सिकोला गेले, पुढील वर्षी स्पेनला परतले आणि १६०० साली सालामांका येथे निवर्तले. सांगावयाचे ते एवढेच, की ग्रंथातील बहुतेक भूमी लेखकाने पायांखाली घातलेली आहे. विषुववृत्ताचा प्रदेश उष्णतेने होरपळलेला असतो, असे ॲरिस्टॉटलच्या आधारे ते शिकले होते. प्रत्यक्षात तेथून जाताना थंडी वाजली म्हणून त्यांना उन्हात जाऊन उभे राहावे लागले. त्या वेळी आपल्याला त्या थोर तत्त्वज्ञाचे हसू आले, असे ते मोकळेपणाने सांगतात. गुरूविषयी आदर राखून डोळ्यांवर विश्वास ठेवावयाचा, हीच त्यांच्या लेखणीची रीत आहे.

या विस्तृत ग्रंथातील एकच प्रश्न आम्ही विवेचनासाठी घेत आहो. पशू, पक्षी आणि वनस्पती आज जेथे राहतात तेथे त्या कशा आल्या?

प्रश्न दिसतो निरुपद्रवी, पण त्या काळी तो मर्मावर बोट ठेवणारा होता. उत्पत्तीच्या पुस्तकातील वृत्तान्त अक्षरशः इतिहास मानला, तर जलप्रलयातून वाचलेले सर्व प्राणी नोहाच्या तारवातून अराराटच्या डोंगरावर उतरले आणि तेथूनच जगभर पांगले. मग महासागरापलीकडे लांडगे आणि अस्वले कशी? हा प्रश्न संत ऑगस्टीन यांनाही पडला होता. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या सोळाव्या भागात ते बेटांवरील हिंस्र श्वापदांचा विचार करतात. जवळच्या बेटांवर ती पोहून गेली असतील, शिकारीच्या हौसेने माणसांनी नेली असतील, देवाज्ञेने देवदूतांनी पोहोचवली असतील किंवा भूमीनेच ती उत्पन्न केली असतील, असे पर्याय ते मांडतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बेटे होती. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला माणसे राहतात यावर त्यांचा विश्वासच नव्हता. आकोस्ता मात्र त्या पलीकडच्या बाजूला उभे राहून लिहीत होते, आणि त्यांच्यासमोर माणसांनी व पशूंनी भरलेला एक आख्खा खंड होता.

आकोस्ता यांनी हा प्रश्न सोडविण्यास ज्या क्रमाने हात घातला तो क्रमच वाचनीय आहे. प्रथम ते सोयीची उत्तरे बाजूला सारतात. दुसरे एखादे तारू होते किंवा देवदूताने केसांना धरून माणसे तेथे नेली, असे म्हणता येणार नाही, असे ते बजावतात. परमेश्वराला काय शक्य आहे हा त्यांचा विषय नाही. मानवी व्यवहाराला आणि बुद्धीला धरून काय घडले असावे, हे त्यांना शोधावयाचे आहे. प्लेटोच्या अटलांटिसची कथा ते नाकारतात. अमेरिकेतील लोक यहुद्यांचे वंशज आहेत, हे त्या काळी लोकप्रिय असलेले मतही ते पुराव्याअभावी फेटाळतात.

त्यानंतर येतो त्यांचा मुख्य युक्तिवाद. उपयुक्त प्राणी माणूस गलबतातून नेईल. पण लांडगे आणि वाघ कोण नेईल? दुर्गंधी सोडणाऱ्या कोल्ह्यासारख्या एका घाणेरड्या प्राण्याचे उदाहरण देऊन, असले प्रवासी जहाजात घेणारा खलाशी कोण, असा मिस्कील प्रश्न ते विचारतात. एवढा महासागर पोहून जाणेही अशक्य. मग राहते ते एकच उत्तर. उत्तरेला किंवा दक्षिणेला, तोवर कोणी न पाहिलेल्या टोकाशी, जुने आणि नवे जग एकमेकांना जोडलेले असावे किंवा अगदी निकट असावे, आणि प्राणी व माणसे हळूहळू त्या वाटेने आली असावीत.

एवढ्यावर न थांबता ते आपल्या अनुमानाची परीक्षा घेतात. पशू जमिनीवरून आले असतील, तर किनाऱ्यापासून दूर असलेल्या बेटांवर हिंस्र श्वापदे आढळता कामा नयेत. आणि तसेच आहे, असे ते दाखवून देतात. मुख्य भूमीवर सिंह, वाघ, अस्वले म्हणून ओळखली जाणारी जनावरे आहेत. क्यूबा, हिस्पानिओला, जमैका या बेटांवर ती नाहीत. स्पॅनिश लोकांनी नेलेली गुरे मात्र त्याच बेटांवर उदंड वाढली. १५८७ सालच्या एका ताफ्यातून एकट्या सांतो दोमिंगोहून ३५ हजारांहून अधिक कातडी स्पेनला आली, असे ते नमूद करतात. तेव्हा बेटांची हवा किंवा चारा पशूंना मानवत नव्हता, असे म्हणण्यास जागा उरत नाही. तेथे त्यांना पोहोचण्याची वाटच नव्हती. प्राणी कोठे राहतो हे केवळ तेथील हवामानावरून ठरत नाही, तेथे येण्याचा मार्ग होता की नाही यावरही ते ठरते. हे तत्त्व आज शालेय पुस्तकात सहज सांगता येईल. सोळाव्या शतकात ते असे पुराव्यानिशी मांडलेले पाहून आम्ही थक्क झालो.

येथवर वाचक लेखकाच्या पाठोपाठ सुखाने चालतो. चौथ्या भागाच्या अखेरीस मात्र वाट एकदम तुटते. लांडग्याचे ठीक आहे, तो इकडेही आहे आणि तिकडेही. पण पेरूमधील लामा आणि विकुन्या हे लोकरी प्राणी जगात इतरत्र कोठेच नाहीत. ते तारवातून अराराटवर उतरले असतील, तर एवढ्या मोठ्या प्रवासात आशियात किंवा युरोपात त्यांचा एकही वंशज मागे का राहिला नाही? परमेश्वराने ते पेरूमध्ये नव्याने निर्माण केले म्हणावे, तर सहा दिवसांत पूर्ण झालेल्या सृष्टीला अर्थ काय आणि तारवाची गरज तरी कोणती? प्रत्येक प्राणी आपापल्या सहजप्रवृत्तीने मानवणाऱ्या प्रदेशात गेला आणि अन्यत्र नष्ट झाला, असाही एक पर्याय ते पुढे करतात. हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नसून प्रत्येक खंडाचा आहे, हेही ते दाखवून देतात.

शेवटी आणखी एक पळवाट उरते. लामा म्हणजे मेंढीचाच एक प्रकार. हवामानाने थोडा बदललेला, एवढेच! हा विचारही ते क्षणभर तोलून पाहतात आणि सोडून देतात. या प्राण्यांतील भेद इतके मोठे आहेत, की त्यांना युरोपातील जातींत बसविणे म्हणजे अंड्याला चेस्टनटचे फळ म्हणण्यासारखे आहे, अशा अर्थाची उपमा ते देतात. त्या उपमेनंतर प्रकरण जवळजवळ तेथेच संपते. लेखकाने प्रश्न उघडा ठेवला आहे.

आमच्या मते हे या ग्रंथाचे सर्वोच्च स्थान होय. आकोस्ता धर्मगुरू होते, परिषदांचे मार्गदर्शक होते, राजदरबारी त्यांचे वजन होते. खोटे समाधान देऊन वाचकाला निरोप देणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही. पवित्र शास्त्रावरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही आणि लामाकडे पाठही फिरवली नाही. दोन्ही एकाच पानावर ठेवून ते गप्प राहिले. श्रद्धेला प्रश्नाचे भय वाटत असते, तर ते पान लिहिलेच गेले नसते.

पुढील काळाने त्यांच्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते कोणत्याही कादंबरीला लाजवील असे आहे. १७२८ साली बेरिंग याने आशिया आणि अमेरिका यांच्यामधील सामुद्रधुनीतून प्रवास केला. ती अरुंद जागी सुमारे ८५ किलोमीटर रुंद असून बरीच उथळ आहे. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली होती, तेव्हा तेथे विस्तीर्ण कोरडी भूमी होती. अस्वलांचे आणि मोठ्या मार्जारकुळातील श्वापदांचे पूर्वज आशियातून अमेरिकेत गेले ते उत्तरेच्या अशाच वाटेने. माणसेही उत्तरेकडूनच, किमान १५ हजार वर्षांपूर्वी, तेथे पोहोचली. आकोस्ता यांनी उल्लेखिलेला दक्षिणेचा पर्यायही अगदीच पोकळ नव्हता. कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे भूभाग जोडलेले होते, आणि पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांचे पूर्वज त्या मार्गाने ऑस्ट्रेलियात गेले.

आणि लामा? तो उंटाच्या कुळातील आहे. हे कूळ ४ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतच उदयास आले. त्यातील एक शाखा ६०-७० लाख वर्षांपूर्वी उत्तरेच्या भूमीवरून आशियात गेली. आपल्या राजस्थानातील उंट हा तिचा वारसदार. पनामाची संयोगभूमी तयार झाल्यावर, सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी, दुसरी शाखा दक्षिण अमेरिकेत उतरली. लामा आणि विकुन्या हे तिचे वारसदार. हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील मूळ घराणे मात्र निर्वंश झाले. घोड्याची कथाही अशीच आहे. स्पॅनिश गलबतांतून उतरलेला घोडा नव्या जगात पाहुणा म्हणून आला, असे सर्वांना वाटले. वस्तुतः तो हजारो वर्षांनी आपल्या पूर्वजांच्या कुरणात परतला होता. आकोस्ता यांनी वाट बरोबर ओळखली, पण प्रवाशांची दिशा त्यांना दिसली नाही. इकडून तिकडे येणे त्यांनी कल्पिले. तिकडून इकडे जाणे त्यांच्या कल्पनेत आले नाही.

ते का दिसले नाही, याचे मर्म त्यांच्याच ग्रंथात दडलेले आहे. १५८६ साली मेक्सिकोजवळ येशूसंघाच्या 'हेसूस देल मोंते' नावाच्या मळ्यात खोदताना एक दाढ सापडली आणि ती त्यांना दाखविण्यात आली. ती माणसाच्या मुठीएवढी होती, असे ते लिहितात, आणि ती प्राचीन राक्षसी मानवाची आहे असे मानतात. मेक्सिकोच्या त्या खोऱ्यात मिळणारे असे प्रचंड दात मॅमथसारख्या नामशेष हत्तीवर्गीय प्राण्यांचे असतात. ज्या दोन गोष्टी त्यांच्या तर्काला हव्या होत्या, म्हणजे लाखो वर्षांचा काळ आणि पृथ्वीवरून समूळ नाहीशा झालेल्या जाती, त्यांचा पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर आला होता. तो वाचण्याची लिपी तोवर कोणालाच अवगत नव्हती. यात दोष कोणाचाच नाही. पण समीक्षकाला हे स्थळ ओलांडून जाता येत नाही.

वनस्पतींच्या बाबतीत आकोस्ता वेगळ्या भूमिकेतून लिहितात. झाडे माणसाच्या हातून प्रवास करतात, हे ते नीट जाणतात. स्पेनमधून नव्या जगात गेलेली झाडे पुष्कळ आणि ती तेथे छान रुजली. उलट तिकडून आलेली थोडी आणि ती नीट धरली नाहीत, असा हिशेब ते मांडतात. सम्राट पाचव्या कार्लोसपुढे कुंडीतून आणलेला अननस ठेवला असता त्याने सुवास वाखाणला, पण चव घेण्याचे धाडस केले नाही, ही त्यांनी सांगितलेली आठवण मोठी गमतीची आहे. सम्राटाने न चाखलेले ते फळ आपल्या कोकणात आणि गोव्यात घरोघरचे झाले. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर आणि त्याहूनही दीर्घकाळ गोव्यावर ज्यांचा अंमल होता, त्या पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापाराने मिरची, काजू, अननस, पपई आपल्या किनाऱ्याला आणली. 'अननस' आणि 'काजू' हे शब्ददेखील ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. आकोस्ता यांच्या ग्रंथातील मिरचीचे प्रकरण वाचताना, ही आपली नव्हती हे मराठी वाचकाला पटवून घ्यावे लागेल. जे आपण पिढ्यान्‌पिढ्या आपले म्हणतो त्याचेही कोठूनतरी येणे झालेले असते, हा या विषयाचा सर्वांत जवळचा धडा होय.

गुणांची ही चर्चा केल्यावर दोषांकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ग्रंथाचा चौथा भाग वनस्पती आणि प्राणी यांच्याकडे वळण्यापूर्वी खनिजांत, विशेषतः पोतोसीच्या चांदीत, दीर्घकाळ रमतो. ही संपत्ती त्या दुर्गम भूमीत का, याचे उत्तर देताना आकोस्ता एका शहाण्या माणसाचे म्हणून एक वचन पुढे करतात. कुरूप मुलीचे लग्न जमावे म्हणून बाप जसा भरघोस हुंडा देतो, तशी परमेश्वराने त्या भूमीला चांदी दिली. तिच्या ओढीने ख्रिस्ती लोक तेथे यावेत, हा त्यामागील हेतू! लांडग्यासाठी देवदूताला तसदी न देणारा हा लेखक चांदीसाठी मात्र दैवी योजनेचा आधार किती सहज घेतो, हे पाहून खेद वाटतो. त्या खाणींत मूळ रहिवाशांना सक्तीने राबविले जात होते. ज्या प्रश्नात राज्याचा लाभ गुंतलेला नव्हता तेथे लेखकाची बुद्धी निर्भय राहिली. लाभाचा प्रश्न येताच तिला तयार उत्तर सुचले.

मानवी इतिहासाच्या भागांतही हीच दुविधा दिसते. तेथील लोक बुद्धिहीन आहेत हा गैरसमज दूर करणे, हा आपला हेतू असल्याचे ते स्पष्ट सांगतात, आणि इंका राज्यव्यवस्थेचे मनापासून कौतुकही करतात. त्यांच्या धर्मविधींत मात्र त्यांना सैतानाने केलेली नक्कलच दिसते. लामाला त्याच्या भिन्नतेसह स्वीकारणारी दृष्टी मंदिराच्या उंबऱ्याशी मिटते.

तरीही एका बाबतीत त्यांच्या निर्णयाचे ऋण मानावयास हवे. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळ रहिवासी हे खरेखुरे मानव आहेत, असे जाहीर केले होते. आकोस्ता यांनी त्या तत्त्वाला निसर्गशास्त्राची जोड दिली. वाट एक, कूळ एक, म्हणून मानवजात एक. परमेश्वराने ठिकठिकाणी स्वतंत्र निर्मिती केली, हा पर्याय त्यांनी प्राण्यांच्या बाबतीतही पत्करला नाही. तो पर्याय पुढे कोठे गेला हे पाहण्यासारखे आहे. १८५४ साली लुई आगासी या नामवंत निसर्गशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या प्रदेशांशी मानववंशांची सांगड घालणारा निबंध लिहिला. प्रत्येक प्रदेशात जसे प्राणी तसे मानववंशही वेगळे निर्माण झाले, हे त्याचे मत. तो निबंध ज्या पुस्तकात छापला गेला, त्याचा आधार अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी घेतला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८५९ साली, डार्विनने आपल्या ग्रंथातील दोन प्रकरणे प्राणी व वनस्पती यांच्या भौगोलिक विभागणीला दिली आणि एका मुळापासून प्रसार होत गेल्याचे प्रतिपादन केले. लामा कोठून आला हा प्रश्न, शेजारचा माणूस आपला भाऊ आहे की नाही, या प्रश्नापासून वाटतो तितका दूर नाही.

आजच्या ख्रिस्ती वाचकाला आकोस्ता यांची कोंडी सोसावी लागत नाही. पवित्र शास्त्र वाचताना त्यातील साहित्यप्रकार ध्यानात घ्यावेत, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. उत्क्रांतिवाद हे निव्वळ गृहीतक राहिलेले नाही, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली मान्य केले. जलप्रलयाची कथा मानवाचे पाप, देवाचा न्याय आणि त्याचा करार सांगते. प्राणिशास्त्राची नोंदवही होण्याचा भार तिच्यावर टाकण्याचे कारण नाही. तरीही घरातील एखाद्या मुलाने तारवातील प्राण्यांविषयी अडचणीचा प्रश्न विचारला, की त्याला गप्प बसविण्याचा मोह अजून अनेक वडीलधाऱ्यांना होतो. अशा वेळी हा जुना ग्रंथ उपयोगी पडेल. उत्तर ठाऊक नसताना प्रश्नाचा मान कसा राखावा, हे आकोस्ता यांनी लामापुढे उभे राहून दाखविले आहे. त्यांच्या हयातीत तो प्रश्न सुटला नाही. परंतु त्यांनी तो बुजविला नाही, म्हणूनच पुढच्यांना तो सापडला.